डोंगर, भोपळा आणि कान

सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या ह्यूएन त्संग या चिनी यात्रेकरूने डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे वर्णन लिहून ठेवले आहे. ते अजिंठ्याचे होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दाराशी असलेले दगडी हत्ती कधी कधी गर्जना करतात व धरणी हादरते, असे लोक सांगत. त्याने तेही टिपून घेतले. ज्या डोंगरातून आपली वाघूर उतरते, त्याचा आवाज अशा रीतीने चीनपर्यंत पोचला.

डोंगराला आवाज असतो, ही कल्पना त्या यात्रेकरूच्या देशाला नवी नव्हती. बोया नावाच्या वादकाची तेथील कथा त्याच्याही कितीतरी शतके आधीची आहे. बोया छिन हे तंतुवाद्य वाजवी. त्याच्या मनात पर्वत आला, की त्याचा मित्र त्झूछी म्हणे, हा तर उत्तुंग पर्वत. मनात पाणी आले, की म्हणे, ही तर वाहती नदी. मित्र वारला तेव्हा बोयाने तारा तोडल्या आणि पुन्हा वाद्याला हात लावला नाही. 1425 सालच्या एका स्वरसंग्रहात 'उंच पर्वत' आणि 'वाहते पाणी' या दोन रचना आढळतात. विसाव्या शतकात चीनमध्ये देशी वाद्यांचे मोठे वाद्यवृंद उभे राहिले. नभोवाणीचा प्रसिद्ध वृंद 1953 सालचा. निसर्गचित्रे रंगवणे हा अशा वृंदांचा आवडता विषय झाला.

या वृंदात शंग नावाचे एक फुंकवाद्य असते. मूळचे ते भोपळ्यात बांबूच्या नळ्या बसवून केलेले. भोपळ्याची जागा पुढे लाकडाने आणि धातूने घेतली. जुन्या चिनी वर्गीकरणात मात्र त्याची जात आजही 'भोपळा' हीच.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. धुळे जिल्ह्यातील साक्रीकडे आणि त्याला लागून असलेल्या बागलाण-डांग भागात कोकणा व भिल्ल बांधव मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव करतात. व्रतस्थ मंडळी गावोगाव नाचत जातात आणि पौर्णिमेच्या सुमारास डोंगरावर रात्र जागवतात. त्यांच्या पुढे पावरी वाजते. तिच्यातही वाळलेला भोपळाच असतो.

साम्य आहे, पण भेद अधिक बोलका आहे. चिनी पंडिताला पर्वत हा चिंतनाचा विषय होता. त्याचे संगीत पर्वताविषयी बोलते. पावरी पर्वताशीच बोलते. एकीकडे चित्र आहे, दुसरीकडे पूजा.

म्हणून पावरी रंगमंचावर आणावी, असे कोणी म्हटले की मला आनंदही होतो आणि धास्तीही वाटते. आनंद यासाठी, की शहरात आल्याने वाजवणाऱ्याला मान आणि चार पैसे मिळतील. धास्ती यासाठी, की व्रत, वाट आणि पौर्णिमा मागे राहिली तर हाती उरेल तो केवळ एक चमत्कारिक नाद. शंगाने भोपळा सोडला; तरी ते वाद्य जगले, कारण त्याचे मर्म जाणणारे श्रोते त्याला होते.

बोयाच्या कथेत वाद्य मोडले नसते, तर ते वाजवणारा कोण हे कदाचित कोणी विचारलेही नसते. कथा अमर केली ती ऐकणाऱ्याने. पावरी वाजवणारे आपल्या जिल्ह्यांच्या आसपास आजही आहेत. त्झूछी होण्याचे काम मात्र आपल्याकडे, म्हणजे खाली सपाटीवर राहणाऱ्यांकडे आहे.