गवत वाट बघत नाही

आजची गोष्ट गवताची. हसू नका. ह्याच गवताच्या मजुरीवरून १९४५ साली आपल्याकडे गोळीबार झालाय.

जागा डहाणू-तलासरीची, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातली. इथल्या माळांवर पहिल्या पावसात गवत उगवतं आणि पाऊस सरता सरता फुलोऱ्यावर येतं. ते कापायचं, उन्हात वाळवायचं, बांधायचं आणि मुंबईला पाठवायचं. तिथल्या तबेल्यांतल्या म्हशींना हाच सुका चारा लागायचा. माळ जमीनदाराचा, नफाही त्याचाच. विळा मात्र वारल्यांच्या हातात. त्यातले कितीतरी 'लग्नगडी', म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराकडे बांधले गेलेले.

२३ मे १९४५. झरी गावात सुमारे ५,००० वारली जमले. सोबत किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकर. ठरलं, यापुढे वेठ करायची नाही. मग आला गवताचा हंगाम. मागणी एकच: ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास गवत कापायचे अडीच रुपये. नाही दिले, तर विळा उचलणार नाही.

आता मला यातली खरी गंमत वाटते ती वेळेची. बी धरलं की गवत वाळत जातं. लवकर कापलं तर पावसात भिजून कुजतं. उशीर केला तर बी गळतं, काडी कडक होते, कस जातो. मधे मिळतात जेमतेम काही आठवडे. एरवी उपाशी मजूर किती दिवस तग धरणार? पण इथे घाई मालकालाच होती!

म्हणूनच दडपण वाढलं. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार केलं. तरी संप मोडला नाही, आणि शेवटी जमीनदारांना दर वाढवावा लागला.

हे सगळं गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहिलंय. जरूर वाचा. आणि दिवाळीच्या सुमारास पश्चिम रेल्वेनं डहाणूकडे गेलात, तर खिडकीतून पिवळे पडलेले माळ बघा. कापणीची वेळ तीच असते.

भेटू पुढच्या भागात!