जिंकलेली डिस्क

गड यावा आणि खालचा मुलूखच हातातून जावा, असं कधी कधी होतं. ब्लू-रेचं तसंच झालं!

साधारण २००६ ची गोष्ट. मोठे सपाट टीव्ही येऊ लागले होते आणि त्यांच्यावर डीव्हीडीचं चित्र जरा धूसर दिसायचं. उपाय म्हणून दोन नव्या डिस्क बाजारात आल्या : तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनी वगैरे मंडळींची ब्लू-रे. दोन्हींत निळसर-जांभळा लेझर. त्याची तरंगलांबी लाल लेझरपेक्षा कमी, म्हणून खुणा बारीक आणि तेवढ्याच जागेत माहिती जास्त. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावायचे, एचडी डीव्हीडीत १५ आणि ब्लू-रेत २५. पण एकीची डिस्क दुसरीच्या प्लेअरवर चालायची नाही. हॉलिवूडचे स्टुडिओही वाटले गेले. युनिव्हर्सल इकडे, डिस्ने तिकडे. मग गिऱ्हाइकानं काय करावं? बरेच जण गप्प बसून वाट बघत राहिले.

सोनीनं नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आणला, त्यातच ब्लू-रे होता. म्हणजे पोरांच्या खेळाबरोबर प्लेअरही घरात शिरला. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरनं ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबानं माघार जाहीर केली. लढाई संपली.

पण गंमत बघा. पोस्टानं डीव्हीडी पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सनं जानेवारी २००७ मध्येच कॉम्प्युटरवर थेट सिनेमे दाखवायला सुरुवात केली होती. १५ जानेवारी २००८ ला, म्हणजे तोशिबा अजून मैदानात असतानाच, ॲपलनं आयट्यून्सवर सिनेमे भाड्यानं द्यायचं जाहीर केलं. चित्र ब्लू-रेइतकं चांगलं नव्हतं, पण लोकांना तेवढं चाललं. उठून डिस्क घालायची नाही, हेच पुष्कळ होतं.

आपल्याकडे तर हे युद्ध फारसं पोचलंच नाही. तेव्हा मोझर बेअर २८ रुपयांत व्हीसीडी विकत होती. पुढे २०१६ मध्ये जिओ आलं आणि बरीच मंडळी व्हीसीडी-डीव्हीडीवरून सरळ मोबाइलवर गेली.

बरं, मग बिघडलं काय? ऑगस्ट २०२१ अखेर सोनीनं, हो, त्याच सोनीनं, आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवर सिनेमे विकणं थांबवलं. २०२२ मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियातल्या ग्राहकांना कळवलं, की स्टुडिओकनालचे तुम्ही विकत घेतलेले सिनेमे ३१ ऑगस्टपासून तुम्हाला दिसणार नाहीत. पैसे मोजलेले, तरी! कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे : असं काही विकताना 'विकत घ्या' म्हणायचं असेल, तर हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायला हवं.

मला यातली वारशाची बाजू जास्त टोचते. बाबांनी जमवलेल्या व्हीसीड्या आज माझ्या कपाटात आहेत. काहींवर चरे आहेत, काही मधेच अडकतात, पण त्या माझ्याकडे आल्या. त्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही. माझ्या खात्यात 'विकत घेतलेले' सिनेमे मात्र लेकीला देता येत नाहीत. अनेक सेवांच्या अटींत खातं दुसऱ्याच्या नावे करायची सोयच नाही.

म्हणून रोजच्या बघण्याला मी ऑनलाइनच वापरते, पण घरात पुन्हा पुन्हा लागणारे चार-दोन सिनेमे डिस्कवर घेऊन ठेवते. घरचे हसतात. हसोत बापडे.

तुमच्या कपाटात काय काय उरलंय? कळवा नक्की.