बायबलमधला ‘दास’ आणि आजचा ख्रिस्ती माणूस : गोव्यापासून नाशिकपर्यंत

पनवेलमध्ये शाळा सुटल्यावर नववीतला एक मुलगा आमच्याजवळ आला आणि त्याने मोबाईलवर आलेला मेसेज दाखवला. ‘बायबलमध्ये गुलामी जायज आहे’ असं वर लिहिलेलं, खाली हसणारे चेहरे. पोरगा खूश होता. कारण महिनाभर आधी कोणीतरी त्याला कुरआनबद्दल अगदी असाच मेसेज पाठवला होता आणि तेव्हा तो रडवेला झाला होता. आता त्याला परतफेडीचं हत्यार मिळालं होतं.

आम्ही त्याला विचारलं, ‘बाळा, ख्रिस्ती लोक याचं काय उत्तर देतात ते तुला माहीत आहे का?’ त्याला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसतं. म्हणून हा लेख. आधी बायबलमध्ये काय आहे ते बघू, मग ख्रिस्ती समाजाने त्याचं काय केलं ते बघू. आणि हा इतिहास लांबचा नाही, गोव्यात आणि नाशिकमध्ये घडलेला आहे.

बायबलमध्ये नेमकं काय आहे

बायबलचे दोन मोठे भाग आहेत, जुना करार आणि नवा करार. गुलामीचा उल्लेख दोन्हींत आहे.

जुन्या कराराच्या ‘निर्गम’ पुस्तकाच्या 21 व्या अध्यायात इब्री गुलामाने सहा वर्षं चाकरी करावी आणि सातव्या वर्षी मोकळं व्हावं, असा नियम आहे. माणूस पळवून विकणाऱ्याला मृत्युदंड आहे. मालकाने गुलामाचा डोळा फोडला किंवा दात पाडला, तर त्या बदल्यात गुलाम सुटतो. पण त्याच अध्यायात हेही आहे, की मारहाण झालेला गुलाम एक-दोन दिवस जगला तर मालकाला शिक्षा नाही, कारण तो मालकाचं धन आहे. ‘लेवीय’ पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात परक्या लोकांतून गुलाम विकत घेण्याची आणि त्यांना वारसाहक्काने मुलांकडे देण्याची मुभा आहे. उलट ‘अनुवाद’ पुस्तकाचा 15 वा अध्याय सांगतो, की सुटणाऱ्या गुलामाला रिकाम्या हाताने पाठवू नका, तुम्हीही मिसरमध्ये गुलाम होता. 23 वा अध्याय सांगतो, की पळून आलेल्या गुलामाला मालकाच्या हवाली करू नका.

नव्या करारात गुलामी बंद करा अशी थेट आज्ञा नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात गुलामांनी मालकांचं ऐकावं आणि मालकांनी धाकदपटशा सोडावा, असं सांगितलं आहे. पेत्राचं पहिलं पत्र तर कठोर मालकाचंही ऐकायला सांगतं. पण गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ख्रिस्तामध्ये गुलाम आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, असा विचार आहे. आणि फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रात पौल त्याच्याकडून गेलेल्या अनेसिम नावाच्या गुलामाला परत पाठवताना म्हणतो, की याला आता गुलाम नव्हे, भाऊ समजून घे.

म्हणजे मेसेज पाठवणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं, त्याने अर्धंच लिहिलं होतं.

इथे शब्दाचीही एक गंमत आहे. मराठी बायबल वाचणाऱ्याला ही वचनं फारशी टोचत नाहीत, कारण तिथे शब्द ‘दास’ आहे. मराठी कानाला दास म्हटलं की भक्त आठवतो. पौल स्वतःलाही ख्रिस्ताचा दासच म्हणवतो. आपल्याकडे ‘अब्द’चं तसंच आहे. अब्दुल्ला हे नाव आपण अभिमानाने ठेवतो, गुलाम रसूलही ठेवतो. पण बाजारात उभा केलेला माणूस कोणाचा भक्त नसतो. शब्द गोड असला की त्यामागचा साखळदंड दिसत नाही.

गोव्याचा बाजार

1452 मध्ये पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला एक फर्मान दिलं. त्यात मुसलमान आणि इतर बिगर-ख्रिस्ती लोकांना जिंकून कायमचं गुलाम करण्याची परवानगी होती. 1455 मध्ये दुसऱ्या फर्मानाने ती आणखी पक्की झाली. हीच परवानगी खिशात घेऊन पोर्तुगीज पुढे समुद्रमार्गे इथे आले. 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतलं, आणि आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रेवदंड्याचा किल्लाही त्यांचाच.

यान हायखेन फान लिन्सखोटेन हा डच माणूस 1583 ते 1588 या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता. गोव्याच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरायचा आणि त्यात घोड्यांबरोबर माणसंही विकली जायची, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पाद्र्यांच्या मठांतही गुलाम होते. 1567 मध्ये गोव्यात धर्मपरिषद भरली. तिने कोणत्या मार्गाने केलेला गुलाम वैध आणि कोणता अवैध, याची चर्चा केली. गुलामी मुळातच पाप आहे का, हा प्रश्न तिथे उभा राहिला नाही. या लोकांच्या हातातही तेच बायबल होतं, ज्यात पळून आलेल्याला परत देऊ नका असं लिहिलं आहे.

ख्रिस्ती लोक उत्तर काय देतात

आजचा कोणताही जबाबदार ख्रिस्ती पंथ गुलामीचं समर्थन करत नाही. पण वचनांचं काय, याची उत्तरं वेगवेगळी आहेत. ढोबळ मानाने चार.

पहिलं उत्तर काळाचं. तेव्हाची गुलामी बहुतेक कर्जापायी होती, तिला मुदत होती आणि बायबलने तिच्यावर लगाम घातला, असं ते म्हणतात. हे बरंचसं खरं आहे, पण पुरेसं नाही. परक्या गुलामांना मुदत नव्हती आणि ते वारशात जायचे. प्रामाणिक ख्रिस्ती विद्वान हे कबूल करतात.

दुसरं उत्तर टप्प्यांचं. देवाने माणसाला एकदम नाही, पायरीपायरीने वर आणलं. यासाठी ते हजरत ईसा (अलै.) यांच्या एका उत्तराचा आधार घेतात. मत्तयाच्या 19 व्या अध्यायात तलाकविषयी ते म्हणतात, की मूसाने दिलेली सूट लोकांची मनं कठीण होती म्हणून होती, मुळात तसं नव्हतं. म्हणजे एखादी सूट हा देवाचा आदर्श असतोच असं नाही.

तिसरं उत्तर गाभ्याचं. देवाने माणूस आपल्या प्रतिरूपात घडवला, शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर, आणि मिसरच्या गुलामीतून देवाने लोकांना सोडवलं, या तीन गोष्टी बायबलचा कणा आहेत. बाकी वचनं या कण्याला जोडून वाचायची. अमेरिकेतल्या गुलामांनी स्वतः बायबल असंच वाचलं. मालक त्यांना आज्ञापालनाची वचनं ऐकवायचे, आणि ते मात्र मूसा आणि फिरऔनची गोष्ट धरून बसायचे.

चौथं उत्तर लेखकांचं. बायबल माणसांच्या हातून लिहिलं गेलं, म्हणून त्यात त्यांच्या काळाच्या मर्यादा उतरल्या, असं उदारमतवादी ख्रिस्ती मानतात. कुरआनकडे बघण्याची आपली श्रद्धा अशी नाही, म्हणून हे उत्तर आपल्याला परकं वाटेल. पण ते त्यांचं आहे आणि ते नीट समजून घ्यायला हवं.

ही उत्तरं वाचून वाटेल, की गुलामी विद्वानांच्या वादातून संपली. तसं नाही. इंग्लंडने 1807 मध्ये गुलामांचा व्यापार आणि 1833 च्या कायद्याने आपल्या वसाहतींतली गुलामी बंद केली, त्यात क्वेकर आणि विल्बरफोर्ससारख्या ख्रिस्ती लोकांचा मोठा वाटा होता. पण नुकसानभरपाईचे दोन कोटी पौंड मालकांना मिळाले, गुलामांना काही नाही. आणि गुलामी टिकवणारेही बायबलच दाखवत होते. मुंबईत 1813 पासून आणि पुढे अहमदनगरला शाळा चालवणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनची बोस्टनमधली मूळ संस्था 1845 मध्येही गुलाम बाळगणाऱ्याला चर्चमधून काढायचं की नाही यावर ठाम बोलायला तयार नव्हती. त्यावर चिडून 1846 मध्ये गुलामीविरोधी लोकांनी आपली वेगळी मिशनरी संस्था काढली. त्याच मिशनच्या नगरमधल्या शाळेत सिंथिया फरार यांच्याकडे सावित्रीबाई फुले शिकल्या, आणि जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या भल्या लोकांना अर्पण केलं. एकाच धर्माच्या लोकांत दोन्ही बाजू होत्या, आणि आपल्या मराठी मुलखाला त्या दोन्ही लागल्या.

नाशिकचं शरणपूर

नाशिकला गेलात तर शरणपूर रोड लागतो. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने वसवलेल्या शरणपूर वस्तीवरून त्याला ते नाव पडलं. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं. त्यातून सुटलेली आफ्रिकन पोरं मुंबईत उतरवली जायची, आणि त्यातली बरीच शरणपूरच्या आश्रमात यायची. तिथे त्यांना लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाई.

डेव्हिड लिव्हिंग्स्टनने आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासासाठी इथूनच नऊ मुलं बरोबर घेतली. 1873 मध्ये तो मेला तेव्हा त्याच्या साथीदारांनी त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणलं. त्यांत जेकब वेनराइट हा नाशिकचा विद्यार्थी होता. तो शवाबरोबर लंडनला गेला आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमधल्या दफनाच्या वेळी शवपेटीला लागलेल्या हातांत त्याचाही हात होता.

प्राइस 1875 च्या सुमारास नाशिकची बरीच माणसं घेऊन मोम्बासाजवळ फ्रीअर टाउन वसवायला गेला. शरणपुरात शिकलेला विल्यम जोन्स तिकडे पुढे पाद्री झाला आणि रबाईच्या मिशनमध्ये काम करू लागला. स्थानिक मालकांचा रोष नको म्हणून पळालेल्या गुलामांना थारा देऊ नका, असा मिशनच्या वरिष्ठांचा सूर होता. तरी पळालेले लोक रबाईला येत राहिले आणि जोन्स त्यांना ठेवून घेत राहिला. 1888 मध्ये ही गोष्ट उघड झाली तेव्हा किनाऱ्यावरच्या मिशनांत मिळून असे सुमारे 1400 लोक निघाले. शेवटी मालकांना पैसे मोजून त्यांची सुटका करावी लागली. ‘अनुवाद’ पुस्तकातली ती आज्ञा गोव्यातल्या धर्मपरिषदेला पेलली नाही, ती स्वतः गुलामीतून सुटलेल्या माणसाने पाळली.

पण या कहाणीचीही दुसरी बाजू आहे. शरणपूरच्या मुलांना बाप्तिस्मा देऊन नवी इंग्रजी नावं दिली गेली. स्वातंत्र्य मिळालं, आईबापांनी ठेवलेलं नाव गेलं.

कबुली उशिरा आली

रोमन कॅथलिक चर्चने गुलामीला माणसाच्या प्रतिष्ठेविरुद्धचा गुन्हा म्हणून स्पष्ट शब्दांत नोंदवलं ते 1965 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. 1992 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेनेगलच्या गोरे बेटावर क्षमा मागितली. 1452 आणि 1455 च्या फर्मानांवर उभा राहिलेला सिद्धांत व्हॅटिकनने अधिकृतपणे नाकारला तो 30 मार्च 2023 रोजी. गुलामीच्या बाजूने फाटाफूट होऊन 1845 मध्ये वेगळ्या झालेल्या अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट पंथाने 1995 मध्ये माफी मागितली, चर्च ऑफ इंग्लंडने 2006 मध्ये. खूप उशीर झाला, हे त्यांचेच लोक सांगतात. पण ‘आमच्या किताबात तसं नव्हतंच’ असं न म्हणता ‘आम्ही चुकीचं वाचलं आणि चुकीचं वागलो’ असं म्हणणं, याला हिंमत लागते.

आणि आपण?

आता तोच आरसा आपल्याकडे. सूरह बलदमध्ये मान सोडवणं ही नेकीची अवघड चढण सांगितली आहे. सूरह नूरमध्ये गुलामाने सुटकेचा करार मागितला तर तो करा असं आहे, आणि सूरह तौबामध्ये जकातीचा एक वाटा त्यासाठी ठेवला आहे. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी हजरत बिलाल (रजि.) यांना विकत घेऊन आझाद केलं, हे आपण मुलांना सांगतो आणि सांगावंच.

पण जी गलबतं पकडून ती पोरं नाशिकला आली, त्यांतले बरेच मालक अरब मुसलमान होते. झांझिबारचा गुलामांचा बाजार मुसलमान सुलतानाच्या राज्यात होता आणि तो 1873 मध्ये ब्रिटिशांच्या दबावाखाली बंद झाला. मलिक अंबर हबश देशातून हातोहात विकला जात दख्खनला पोचला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. आपण त्याच्या कर्तबगारीचं कौतुक करतो, तो विकला गेला यावर फारसं बोलत नाही. ट्युनिसच्या मुसलमान बेने 1846 मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या आधी, गुलामी बंद केली. सौदी अरबमध्ये ती 1962 मध्ये बंद झाली. दोन्ही तारखा आपल्याच आहेत.

आणि उत्तर देताना आपणही काळ, टप्पे आणि गाभा हेच सांगतो. मग ख्रिस्ती शेजाऱ्याने तेच सांगितलं तर त्याच्यावर हसायचं कसं?

त्या मुलाला आम्ही एवढंच सांगितलं, की मेसेज पुढे पाठवू नकोस. मग विचारलं, ‘वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकऱ्यांना पावसाळ्यात उचल देतात, ती माहीत आहे?’ त्याला माहीत होती. आपल्या रायगडात कोणाला माहीत नाही? उचल फिटेपर्यंत बायकापोरांसकट भट्टीवर राबायचं, आणि हिशेब मालकाच्या वहीत. वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 चा आहे. अशी भट्टी चालवणारे कोणत्याही एकाच धर्माचे नाहीत. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘सर, आमच्या मामूंची पण भट्टी आहे.’

आम्ही म्हटलं, मग मेसेजचं राहू दे, आधी मामूंना त्यांची वही दाखवायला सांग.