ऐंद्रजालिक (मेजावरील भूमिकाखेळांतील)

मेजाभोवती बसून, फासे टाकत आणि मिळून कथा रचत खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिकाखेळांमध्ये शत्रूची इंद्रिये व समजूत यांना फसवणाऱ्या मंत्रांवर भिस्त ठेवणारे पात्र. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळासाठी पीटर ॲरन्सन यांनी ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात १९७५ साली हा वर्ग मांडला. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये त्याला स्थान मिळाले आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो विझर्डची एक शाखा झाला.

हे पात्र सुरुवातीच्या पातळ्यांवर चमकते आणि वरच्या पातळ्यांवर निष्प्रभ ठरते, असे अनेकदा म्हटले जाते. लिच, बॅलर, पिट फिएंड अशा बलाढ्य शत्रूंना १२० फुटांपर्यंत ‘ट्रूसाइट’ असते आणि त्या टप्प्यातला दृश्य भ्रम त्यांना आपोआप कळतो, हे त्यामागचे कारण. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियम पाहता हा आक्षेप अर्धाच खरा आहे. ‘मिराज आर्केन’ हा सातव्या दर्जाचा मंत्र मैलभर लांब-रुंद प्रदेशाचे रूप दहा दिवस पालटतो. ट्रूसाइट असलेल्याला त्यातून मूळ जमीन दिसते. पण भ्रमाचे बाकीचे घटक टिकून राहतात आणि त्यांचा स्पर्श त्यालाही होतो. ‘प्रोजेक्ट इमेज’ने ५०० मैलांपर्यंतच्या पूर्वी पाहिलेल्या जागी आपली प्रतिमा उभी करता येते; ती खोटी आहे हे शत्रूने ओळखले, तरी खरा जादूगार त्याच्या हाती लागत नाही. ‘सिम्युलॅक्रम’ याच शाखेत मोडतो, पण त्यातून निघणारा तोतया निम्म्या जिवाचा असला तरी सदेह असतो. १४ व्या पातळीवर तर ऐंद्रजालिकाला आपल्या भ्रमातील एखादी निर्जीव वस्तू मिनिटभर खरी करता येते. तेव्हा वरच्या पातळीवरचे यश शत्रूला दृश्य खरे वाटले की नाही, यावर मोजू नये. त्या दृश्यापायी त्याने काय खर्च केले, हे पाहावे.

या निकषाचा जुना दाखला महाभारतात आहे. बारामतीत कऱ्हाकाठी राहून मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ‘आर्याभारता’त ती कथा मराठीत उतरवली. द्रोणपर्वातील रात्रीच्या युद्धात घटोत्कचाची माया कर्णाने दिव्यास्त्रांनी वारंवार तोडली. मायेचा भेद झाला नाही, असे म्हणता येत नाही. तरीही कौरवसेनेचा धीर सुटला आणि अर्जुनासाठी राखून ठेवलेली, एकदाच वापरता येणारी इंद्राची शक्ती कर्णाला घटोत्कचावर टाकावी लागली. घटोत्कच मेला, पण अर्जुनावरचे संकट टळले. खेळातही मोठ्या शत्रूचा सर्वांत जबर मंत्र चुकीच्या जागी खर्ची पडला किंवा भ्रम तपासण्यात त्याची एक पाळी गेली, तर सोबत्यांना तेवढी उसंत मिळते.

घटोत्कच नुसता मायावी नव्हता, अंगबळाचा योद्धाही होता, ही हरकत रास्त आहे. पुराणांतील माया आणि खेळातील भ्रममंत्र एकच नव्हेत, हेही मान्य करायला हवे. पण त्यातून निष्कर्ष निघतो तो एवढाच, की निव्वळ भ्रम पुरत नाही; त्यामागे खरा धोका असावा लागतो. इंद्रजिताचे उदाहरण उलट बाजूचे. त्याने मायासीतेचा वध दाखवून वानरसेनेला खचवले आणि निकुंभिलेच्या यज्ञासाठी सवड काढली. मात्र बिभीषणाने कपट उघड केले आणि यज्ञ पुरा होण्याआधीच लक्ष्मण तिथे पोहोचला. शत्रूपक्षात आपली विद्या जाणणारा असेल, तर मिळालेली सवड फार टिकत नाही.

दुसरा आक्षेप असा, की भ्रमाचे फळ अखेर खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या मर्जीवर ठरते. नियम शत्रूची प्रतिक्रिया शब्दशः बांधून देत नाहीत, हे खरे. मात्र मंत्राच्या मर्यादा शब्दांतच असतात आणि त्या काटेकोर वाचणाऱ्याला वाव मिळतो. इंदापूर तालुक्यात भीमा-नीरा संगमावर, नीरा नरसिंहपूर येथे ज्या नरसिंहाचे मंदिर आहे, त्याची कथा याच तत्त्वावर उभी आहे: हिरण्यकशिपूच्या वराचा एकही शब्द मोडला नाही, त्या शब्दांतली फट तेवढी शोधली गेली. खरी केलेली वस्तू कोणाला इजा करू शकत नाही, असा नियम आहे; पण दरीवर मिनिटभर खरा झालेला पूल कोणालाही इजा न करता सगळ्या तुकडीला पलीकडे नेतो. असा उपयोग मर्जीवर कमी आणि वाचनावर अधिक अवलंबून असतो.

तरीही मर्यादा उरतात. दृष्टीऐवजी ‘ब्लाइंडसाइट’ने आसमंत जाणणाऱ्या प्राचीन ड्रॅगनला जवळून नुसते चित्र दाखवून भागत नाही, आणि ज्याला भीती वा हिशेब ठाऊक नाही अशा बुद्धिहीन जीवाकडून चुकीचा निर्णय करवून घेणे अवघड. त्यामुळे वरच्या पातळीवरचा ऐंद्रजालिक एकट्याने लढण्यापेक्षा तुकडीत अधिक प्रभावी ठरतो: सोबत्यांचा मारा खरा असेल, तरच त्याने दाखवलेल्या खोट्या माऱ्याची शत्रूला दखल घ्यावी लागते.