पाहणाऱ्यांची गर्दी आणि खेळाडूचा आडोसा

सन २०१५ च्या प्रारंभी ट्विच या प्रक्षेपण-मंचावर एक विलक्षण वाहिनी सुरू झाली. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या खेळात २०१३ चे जगज्जेतेपद मिळवणारा दक्षिण कोरियाचा तरुण खेळाडू ली सांग-ह्योक, म्हणजेच ‘फेकर’, सरावासाठी खेळू लागला, की ही वाहिनी त्याचा सामना आपोआप जगाला दाखवू लागे. वाहिनी मात्र त्याची नव्हती. खेळातच असलेल्या प्रेक्षक-सुविधेचा आधार घेऊन एक तिऱ्हाईत ती चालवत होता. खेळाडूने अनुमती दिली नव्हती; कोणी ती मागितलीही नव्हती.

फेकरच्या संघाचा अझुबू या दुसऱ्या प्रक्षेपण-कंपनीशी करार होता. तिने स्वामित्वहक्काचा दावा करून वाहिनीवर हरकत घेतली. तेव्हा एक पेच उघडा पडला. चित्रांचे स्वामित्व ना अझुबूचे, ना फेकरचे. ते रायट गेम्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीचे. म्हणजे ज्याचे कौशल्य पाहायला लोक जमत, त्याचाच त्या दृश्यावर कायदेशीर अधिकार नव्हता. रायटने अखेर, बऱ्याच वादावादीनंतर, अशा प्रक्षेपणाने एखाद्या खेळाडूची हानी होत असेल तर आपण हस्तक्षेप करू, अशी भूमिका घेतली आणि ती वाहिनी बंद पडली. निर्णय योग्यच होता, परंतु तो कंपनीच्या मर्जीवर उभा होता. खेळाडूच्या हक्कावर नव्हे. फेकरची कीर्ती एवढी नसती, तर ही मर्जी कितपत फिरली असती?

हा प्रश्न त्याहून जुना आहे. १९९० च्या दशकात इंटरनेटवर बुद्धिबळ सुरू झाले, तेव्हापासून चालू डाव कोणीही शेजारी बसून पाहावा तसा पाहू शकत असे. तेथे खेळाडूचा आडोसा एकच : टोपणनाव. हा आडोसा किती तलम असतो, याची एक कथा बुद्धिबळविश्वात प्रसिद्ध आहे. इंग्लंडचे ग्रँडमास्टर नायजेल शॉर्ट यांनी २००१ मध्ये जाहीर केले, की इंटरनेटवर आपल्याला वारंवार हरवणारा अनामिक प्रतिस्पर्धी दुसरा-तिसरा कोणी नसून बॉबी फिशर आहे. शॉर्ट यांनी त्याला एका फारशा परिचित नसलेल्या मेक्सिकन खेळाडूविषयी विचारले. तत्काळ उत्तर आले, ‘झीगन १९७०’. त्या वर्षी झीगनच्या ऑलिम्पियाडमध्ये फिशर त्या खेळाडूशी खेळले होते. फिशर यांनी मात्र तो मी नव्हेच, असे सांगितले. संगणकाच्या साहाय्याने खेळणारा कोणी तोतया असावा, असाही तर्क पुढे झाला. (पानिपतानंतरच्या भाऊसाहेबांच्या तोतयालाही खुणा विचारल्या गेल्याच होत्या.) शॉर्ट यांची ओळख चुकली असेल, पण खेळण्याच्या धाटणीवरून माणूस ओळखता येतो, ही त्यांची धारणा चुकीची नव्हती.

ती खरी ठरवणारे संशोधन वीस वर्षांनी आले. लिचेस या संकेतस्थळावरील डाव सर्वांसाठी खुले असतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात अशा डावांवर संगणकाला शिकवले गेले. पद्धत आवाजावरून वक्ता ओळखण्याच्या तंत्रातून उसनी घेतलेली होती : प्रत्येक डावाचे आकड्यांच्या मालिकेत रूपांतर करायचे, एकाच व्यक्तीचे डाव एकमेकांजवळ येतील अशी मांडणी करायची आणि नवा डाव कोणाच्या जवळ पडतो ते पाहायचे. एखाद्याचे १०० डाव आधी दाखवले, तर हजारो खेळाडूंमधून तो ९८ टक्के अचूकतेने ओळखता आला. येथे नाव लपवून काय उपयोग?

२०२३ चे बर्कलीचे काम याहून अस्वस्थ करणारे आहे. ‘बीट सेबर’ या आभासी वास्तवातील खेळात तालावर येणारे ठोकळे हातातील तलवारींनी कापायचे असतात. खेळाडूंचे पुनर्दर्शन, म्हणजे डोके आणि दोन्ही हात यांच्या हालचालींची नोंद, गुणतक्त्यांसाठी सार्वजनिक केली जाते. अशा ५५,००० हून अधिक खेळाडूंच्या नोंदींमधून, प्रत्येकाच्या सुमारे पाच मिनिटांच्या हालचाली शिकल्यावर, १०० सेकंदांच्या नव्या हालचालीवरून माणूस ९४ टक्क्यांहून अधिक वेळा ओळखला गेला; १० सेकंदांवरून ७३ टक्के वेळा. गुणतक्त्यात आपला पराक्रम दिसावा एवढ्याच हौसेने दिलेली नोंद बोटाच्या ठशासारखी निघाली. निनावी माहिती निनावी राहत नाही, हे आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी अरविंद नारायणन यांनी विताली श्मातिकोव्ह यांच्यासह २००८ मध्येच नेटफ्लिक्सच्या ग्राहकांनी दिलेल्या चित्रपट-गुणांवरून दाखवून दिले होते. खेळांच्या दुनियेने ते फारसे मनावर घेतले नाही.

भारतात हा विषय घरोघरी पोहोचला तो मोबाइलमुळे. २०२१ च्या जुलैमध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ आला आणि असे खेळ थेट दाखवणारे कितीतरी तरुण यूट्यूबवर अक्षरशः तारे झाले. त्यांच्या पडद्यावर कोणी कोणाला टिपले याची नावे सरकत असतात. योगायोगाने त्यांच्या चमूत पडलेल्या अनोळखी मुलाचा आवाज, त्याची बोली, मागून त्याला जेवायला हाक मारणारी आई, हे सारे हजारो लोक ऐकतात. आपण प्रक्षेपणात आहोत हे त्या मुलाला ठाऊकही नसते. इतरांची नावे झाकण्याची सोय काही खेळांत असते. पण ती वापरायची की नाही, हे बहुधा प्रक्षेपण करणारा ठरवतो.

कायदा येथे काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, हेही त्या निकालात आले आहे. खेळाचे मैदान सर्वांना खुले आहे, या युक्तिवादाला यात उत्तर आहे, असे मला वाटते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील सर्वांना बालक मानून त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली. मात्र व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. सामन्यात उतरणे म्हणजे आवाज, नाव आणि धाटणी स्वतःहून सार्वजनिक करणे काय, याचे सरळ उत्तर कायद्याच्या मजकुरात सापडत नाही. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. पण त्याचा सारा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. माहिती संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे.