धुओदाचं पुस्तक: आधी बाप की आधी राजा?

जुन्या जगातल्या लेखिकांवरच्या आपल्या मालिकेत आत्तापर्यंत उर शहरातली एनहेदुआना झाली, थेरीगाथेतल्या भिक्खुणी झाल्या. एक राजकन्या आणि पुरोहित, दुसऱ्या संसार सोडून बाहेर पडलेल्या. आज जिच्याबद्दल बोलायचंय ती चांगली संसारी बाई. म्हणजे कागदोपत्री संसारी. नवरा दुसरीकडे, थोरला मुलगा राजाच्या ताब्यात, आणि धाकट्याचं नावसुद्धा तिला कोणी कळवलेलं नाही. अशा अवस्थेत तिने चौदा महिने बसून एक पुस्तक लिहिलं.

तिचं नाव धुओदा. काळ नववं शतक, गाव उझेस. आजच्या दक्षिण फ्रान्समध्ये, नीम शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर. पुस्तक लॅटिनमध्ये आहे आणि त्याला ती 'मॅन्युअल' म्हणते. आपण वॉशिंग मशीनबरोबर येतं त्याला म्हणतो तोच शब्द. लॅटिनमध्ये 'मानुस' म्हणजे हात, म्हणून हातात धरायचं, हाताशी ठेवायचं पुस्तक. या शब्दावर ती स्वतःच सुरुवातीला बराच वेळ खेळत बसते.

या पुस्तकाबद्दल जिथे जिथे वाचाल तिथे 'एका आईची माया' असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. खोटं नाहीये ते. पण मला विचाराल तर त्या लेबलाने पुस्तक लहान होतं. हे मायेचं पुस्तक आहे तितकंच राजकारणाचंही आहे, आणि तिने मुलाला दिलेल्या सल्ल्यातच त्याच्या मरणाची गाठ होती.

जरा मागे जाऊ. शार्लमेन गेला 814 मध्ये. त्याच्यामागे त्याचा मुलगा लुई सम्राट झाला. धुओदाचं लग्न झालं 29 जून 824 रोजी, आखेनच्या राजवाड्यात. ही तारीख आपल्याला माहीत आहे कारण तिने ती स्वतः लिहून ठेवली आहे. नवरा बर्नार्ड, सेप्टिमेनियाचा सरदार. सेप्टिमेनिया म्हणजे फ्रान्सचा दक्षिणेकडचा भूमध्य समुद्रालगतचा पट्टा. बर्नार्डचा बाप विल्यम हा शार्लमेनचा नातलग. 801 मध्ये बार्सेलोना जिंकणाऱ्या फौजेत होता, पुढे मठात गेला आणि संत झाला. म्हणजे घराणं तोलामोलाचं.

29 नोव्हेंबर 826 ला पहिला मुलगा झाला. आजोबांचं नाव ठेवलं, विल्यम.

829 मध्ये लुईने बर्नार्डला दरबारात बोलावून मोठं पद दिलं, राजवाड्याचा कारभारच म्हणा ना. वर्षभरात बोभाटा झाला की बर्नार्डचं आणि महाराणी ज्युडिथचं काहीतरी आहे. खरं की खोटं हा वाद नंतरचा, पण लुईच्या थोरल्या मुलांना बापाविरुद्ध उठायला निमित्त मिळालं. बर्नार्ड पळाला. त्याचा भाऊ सापडला, त्याचे डोळे काढले. पुढे 834 मध्ये लुईचा थोरला मुलगा लोथार याने बर्नार्डच्या दुसऱ्या भावाचं, गॉसेल्मचं, डोकं उडवलं. बर्नार्डची बहीण गेरबेर्गा जोगीण होती. चेटकीण ठरवून तिला पिंपात घातलं आणि सोन नदीत बुडवलं.

धुओदा या घरची सून होती, एवढं लक्षात ठेवून पुढे ऐका.

या सगळ्या धामधुमीत ती उझेसला होती, नवऱ्याच्या हुकुमावरून. हेही तिनेच लिहिलंय. नवऱ्याला ती 'माझे आणि तुझे स्वामी' म्हणते. आपल्याकडे जुन्या बायका 'इकडून' म्हणायच्या, साधारण त्याच सुरात. फक्त ही नावही घेते.

20 जून 840 ला लुई वारला आणि तीन भाऊ एकमेकांवर तुटून पडले: लोथार, दुसरा लुई, आणि ज्युडिथचा मुलगा चार्ल्स. 25 जून 841 ला फोन्तन्वाची लढाई झाली. एकाच घरातली माणसं दोन्ही बाजूंना. तेव्हाचा इतिहासकार निथार्ड स्वतः या लढाईत होता. तो लिहितो की बर्नार्ड तिथून तीन कोसांवर फौज घेऊन थांबला होता आणि कोणाच्याच बाजूने उतरला नाही. कुंपणावर बसला. चार्ल्सची बाजू जिंकतेय असं दिसल्यावर त्याने आपल्या मुलाला चार्ल्सकडे पाठवलं: हा घ्या माझा मुलगा, तुमच्या सेवेत. त्याच्या बदल्यात बर्गंडीतली जहागीर मिळावी. विल्यम तेव्हा चौदा वर्षांचा होता. सेवा म्हणा, शपथ म्हणा, मराठीत आपण याला ओलीस ठेवणं म्हणतो.

त्याच वर्षी 22 मार्चला धुओदाला दुसरा मुलगा झाला होता. त्याचा बाप्तिस्मा व्हायच्या आधीच बर्नार्डने बाळाला आपल्याकडे आकितेनला मागवून घेतलं. उझेसचे बिशप बाळाबरोबर गेले. पुस्तक लिहायला बसली तेव्हा त्या बाळाचं नाव काय ठेवलंय हे आईला ठाऊक नव्हतं. तसं ती सरळ लिहिते आणि पुढच्या मुद्द्यावर जाते. रडगाणं नाही, नवऱ्यावर राग नाही. वर विल्यमला सांगते की तुझा भाऊ मोठा झाला की त्याला वाचायला शिकव, आणि हे पुस्तक त्यालाही दाखव.

30 नोव्हेंबर 841 ला तिने लिहायला घेतलं. म्हणजे विल्यमचा पंधरावा वाढदिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. संपवलं 2 फेब्रुवारी 843 ला.

आता माझ्या धंद्याचा माणूस म्हणून एक गोष्ट सांगतो. पुस्तकाच्या सुरुवातीला एक कविता आहे. तिच्या ओळींची पहिली अक्षरं उभी वाचत गेलं की वाक्य तयार होतं: धुओदाचा लाडका मुलगा विल्यम याला नमस्कार, वाच. आणि हे मुलाच्या नजरेतून सुटू नये म्हणून ती आधीच लिहून ठेवते की कुठल्या अक्षरापासून सुरू कर आणि कुठे थांब. कोड लिहिणारे बरेच असतात हो, वर कमेंट लिहिणारे फार थोडे. आकड्यांचं तर तिला वेडच आहे. धर्मग्रंथातली सात दानं आणि आठ धन्यवचनं मिळून पंधरा पायऱ्या करते आणि मुलाला म्हणते, एकेक चढ. लिहिता लिहिता पोरगा सोळा वर्षांचा झाला, तर तेही चार चोक सोळा असं मांडते. हिच्या बोटांवर हिशोब चालू आहे हे वाचताना दिसतं.

सुरुवातीलाच ती आणखी एक गंमत करते. म्हणते, बायका आरशात बघतात आणि तरुण पोरं पटावर फासे टाकत बसतात. त्यांना त्याची जितकी ओढ असते तितक्या ओढीने तू हे वाच. सोळा वर्षांच्या मुलाला धार्मिक पुस्तक पाठवायचंय, समोर स्पर्धा कशाशी आहे हे तिला बरोबर कळतंय.

मधली कितीतरी पानं उपदेशाची आहेत: प्रार्थना कशी करावी, कोणाशी नम्रतेने वागावं, दरबारात सल्ला कोणाचा घ्यावा. तो भाग खरं सांगायचं तर मी भरभर वाचला. पण दोन जागा अशा आहेत की तिथे थांबावंच लागतं.

पहिली जागा कर्जाची. पुस्तकाच्या शेवटाकडे ती मुलाला सांगते की सीमेवर तुझ्या वडिलांची बाजू सांभाळायला मी पुष्कळ कर्ज काढलंय, ख्रिस्ती लोकांकडून आणि ज्यूंकडूनही. जमेल तेवढं मी फेडते. माझ्यामागे काही उरलं तर सावकार शोधून काढ आणि फेड, माझ्या मालमत्तेतून, नाही पुरलं तर तुझ्यातून. म्हणजे बघा, नवरा बाहेर डाव खेळतोय, आणि उझेसला बसून पैसा उभा करतेय ही बाई. दोन्ही धर्मांच्या सावकारांकडे तिची पत होती. ही आजारी, एकाकी आई होतीच, आजारपणाबद्दल ती स्वतः लिहिते. पण ती कारभारीणही होती. मला तर तो भाग नोटीस पिरियडमध्ये लिहिलेल्या हँडओव्हरसारखा वाटतो. काय चालू आहे, काय बाकी आहे, कोणाला गाठायचं.

तिथेच मृतांची एक यादी आहे. यांच्यासाठी प्रार्थना कर, कारण यांची मालमत्ता तुझ्या वडिलांकडे आली. मायाही आहे आणि सातबाराही आहे. त्या यादीत गॉसेल्म आहे, गेरबेर्गा आहे. कसे मेले ते ती लिहीत नाही, नुसती नावं. डोळे काढलेला काका तेव्हा जिवंत होता. तो गेला की त्याचं नाव इतरांबरोबर लिहून घे, असं सांगते. स्वतःच्या माहेरचं मात्र एकही नाव त्यात नाही.

दुसरी जागा बाप आणि राजाची. क्रम तिने ठरवून लावलाय. देव, मग बाप, मग राजा. ती स्पष्ट म्हणते की जगाच्या नजरेत राजाचं स्थान वरचं हे मला मान्य आहे, पण माझी इच्छा अशी की तू आधी, जिवात जीव असेपर्यंत, ज्याचा मुलगा आहेस त्याच्याशी निष्ठा ठेव. बायबलमधले मुलगे ती पुढे करते, बापाचं ऐकणारा इसाक, बापावर उलटलेला अबशालोम. पुढच्या भागात म्हणते, चार्ल्स तुझा स्वामी आहे, देवाने आणि तुझ्या वडिलांनी तो तुझ्यासाठी निवडला, त्याच्याशी कधीही बेइमानी करू नकोस. आपल्या कुळात असं कोणी केलेलं नाही.

ज्या घरातल्या दिवट्या मुलांनी बापाविरुद्ध बंड केलं त्या सम्राटाच्या घराला हा टोला आहे, असं इतिहासकार म्हणतात. असेलही. पण मला त्यात मुख्य दिसते ती भीती. बाप आणि राजा एकाच बाजूला आहेत तोवर दोन्ही वाक्यं एका पुस्तकात राहू शकतात. बर्नार्ड कसा माणूस आहे हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी ती दोन्ही लिहिते. लिहू नये तर काय करावं? राजाशी इमान ठेवू नकोस असं राजाच्या ताब्यातल्या मुलाला लिहून पाठवता येत नाही.

शेवटी तिने स्वतःच्या थडग्यावर कोरायच्या ओळीही लिहून दिल्या आहेत. त्यातही आद्याक्षरांत नाव गुंफलंय. रस्त्याने जाणाऱ्याने थांबून वाचावं आणि धुओदासाठी प्रार्थना करावी, अशी व्यवस्था. पुस्तक संपल्यानंतर, म्हणजे 843 च्या फेब्रुवारीनंतर, तिचा कुठेही उल्लेख नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भावांनी व्हर्दंचा तह करून साम्राज्य वाटून घेतलं. 844 मध्ये चार्ल्सने बर्नार्डला देशद्रोहाच्या आरोपाखाली मारलं. विल्यम सतरा वर्षांचा होता. बाप की राजा हा प्रश्न आता कागदावर राहिला नव्हता. तो चार्ल्सचा शत्रू, आकितेनचा पेपें, याच्याकडे गेला. 848 मध्ये त्याने आजोबांच्या पराक्रमाचं शहर बार्सेलोना कपटाने घेतलं. 850 मध्ये तिथेच तो पकडला गेला आणि मारला गेला. तेवीस वर्षांचा.

म्हणजे त्याने आईचं ऐकलं का नाही? मी यावर मित्राशी अर्धा तास वाद घातलाय. तो म्हणतो, नाही ऐकलं, राजाशी बेइमानी केली. माझं म्हणणं असं की क्रम तिनेच लावून दिला होता आणि पोरगं त्या क्रमाने गेलं.

धाकट्याचं नाव पुढे कळतं. तोही बर्नार्ड. आकितेनमध्ये नंतर मोठा झालेला 'केसाळ पायांचा' बर्नार्ड तो हाच, असं बरेच इतिहासकार मानतात. तसं असेल तर 910 च्या सुमारास क्लुनीचा प्रसिद्ध मठ वसवणारा विल्यम हा धुओदाचा नातू.

आणि पुस्तक? नीमला मध्ययुगाच्या सुरुवातीच्या त्याच काळातल्या प्रतीची फाटकी पानं आहेत. पॅरिसला सतराव्या शतकात केलेली नक्कल आहे. 1677 मध्ये माबियों या भिक्षू-विद्वानाने काही उतारे छापले, 1887 मध्ये बोंदुरां यांनी पुस्तक म्हणून काढलं, पण मध्ये गाळलेल्या जागा होत्याच. त्या काळच्या पंडितांनी तिच्या लॅटिनला नावंही ठेवली, व्याकरण कच्चं म्हणून. विसाव्या शतकाच्या मध्यावर चौदाव्या शतकातली एक प्रत ओळखली गेली आणि ती बरीच पूर्ण निघाली. तिच्या आधारावर पिएर रिशे यांची 1975 ची आवृत्ती आली. आज जगभर वाचतात ती त्याच मजकुरावरून.

ती प्रत मिळाली बार्सेलोनात.

आज इथेच थांबतो. पुढच्या भागात चीनची बान झाओ, भावाचा अर्धवट राहिलेला इतिहास पुरा करणारी. भेटू.