सॅमॅरिटन्स : ऐकून घेणाऱ्यांची वाटचाल

१९३५ साली इंग्लंडमधल्या लिंकन शहरात चॅड व्हारा या तरुण धर्मगुरूने आयुष्यातला पहिला अंत्यविधी केला, तो एका शाळकरी मुलीचा. तिला पाळी सुरू झाली होती आणि त्याबद्दल कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. आपल्याला गुप्तरोग जडला अशा समजुतीने तिने जीव दिला. तिला विचारायला एकही माणूस नव्हता, हे व्हारांच्या मनातून गेलं नाही. मुलामुलींशी शरीराविषयी मोकळेपणाने बोलायला त्यांनी सुरुवात केली.

२ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये त्यांनी मरणाच्या विचारांनी वेढलेल्यांसाठी फोन सुरू केला. तेव्हा तिथे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. तो कायदा १९६१ मध्ये गेला. तरी लोक बोलू लागले, प्रत्यक्षही येऊ लागले. थांबलेल्यांना चहा द्यायला, चार शब्द बोलायला स्वयंसेवक असत. बरेच जण व्हारांना न भेटताच हलके होऊन परत जातात, हे लवकरच त्यांच्या ध्यानात आलं. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी फोन या साध्या माणसांच्या हाती सोपवला. या वाटचालीतलं सर्वांत मोठं पाऊल मला हेच वाटतं. उपदेश न करता ऐकणं हेच ‘सॅमॅरिटन्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचं काम ठरलं.

हे स्वयंसेवक आडवळणाने बोलत नाहीत. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे, पण अभ्यासांमध्ये तिला आधार सापडलेला नाही. उलट कित्येकांना सुटल्यासारखं वाटतं.

हीच परंपरा १९८६ मध्ये डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्या ‘स्नेहा’ संस्थेतून चेन्नईत रुजली. नापास मुलांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून लगेच फेरपरीक्षा घ्या, असा आग्रह त्यांनी धरला आणि तामिळनाडूने तो मानला. फोनवर ऐकलेलं दुःख धोरणापर्यंत पोहोचलं, याचं मोल फार आहे. पुढे भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून त्याला शिक्षेऐवजी उपचार आणि आधार देण्याची भूमिका घेतली.

आता ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतही चालतो. दहावी-बारावीच्या निकालाआधी तो मुलांच्या फोनमध्ये घालून द्यावा, आणि ‘मनात काय चाललंय?’ हे त्याच वेळी विचारून, उत्तर येईपर्यंत शेजारी बसावं.